दहाची गोळी

"म्हणजे आता यांच्यासाठी काही करायचं नाही, असंच ना?" घोडबंदर रोडच्या काकूंनी गंभीर आजारातला त्रास कमी करायला आज घरी आलेल्या पॅलिएटिव्ह नर्सला दारातच विचारलं.

चपला काढत ती म्हणाली, "करायचंच आहे, काकू. रात्री दहाची गोळी दिलीत?"

नव्हती दिली. काकांचा डोळा लागला होता. पहाटे कण्हतच उठले.

ती गोळी मॉर्फिनची, तीव्र वेदना कमी करणारी. साध्या मॉर्फिनचा असर चारेक तासांचा. दुखणं उसळायची वाट बघायची नाही, घड्याळ बघून गोळी द्यायची. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. गोळीने येणारी झापड काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठता मात्र कमी होत नाही. हे काकूंना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मदत बोलावली म्हणजे हात टेकले, हे कुठून बसलं आपल्या मनात?