पराटीच्या वावरातून मालीपर्यंत

परदेशी विद्यापीठाशी करार झाला, बॅनर लावलं, फोटो काढले की झालं आंतरराष्ट्रीय शिक्षण, असं समजणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. आमच्या तालुक्यातली बहुतेक पोट्टी परदेश तर सोडाच, नागपूरलाही शिकायला जाऊ शकत नाहीत, मग त्यांच्यासाठी काय? स्वीडनमधल्या माल्मो विद्यापीठात बेंग्ट निल्सन यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी हाच मुद्दा धरला, की जे घर सोडून जाणारच नाहीत त्यांना जग रोजच्या वर्गातच भेटलं पाहिजे. आपल्या २०२० च्या शैक्षणिक धोरणातही ही कल्पना आलीय.

मग सिलॅबसच बदला ना. अर्थशास्त्रात कापूस, म्हणजे आमची पराटी, शिकवतोच आपण, तर १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला अन् इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडाचा कापूस लागला इथून सुरू करा, अन् २००३ मध्ये आफ्रिकेतल्या माली, बुर्किना फासो, बेनिन, चाड या देशांनी श्रीमंत देशांच्या, कापसाचा भाव पाडणाऱ्या सबसिडीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत आवाज उठवला तिथपर्यंत या. भाव पडल्यावर मालीतल्या कास्तकाराच्या घरी काय होतं हे आमच्या पोट्ट्यांना वेगळं समजवावं लागत नाही, वेचणीच्या दिवसात बोंडानं ओरबाडलेली बोटं घेऊनच ती वर्गात बसतात.

अन् लांब कशाला, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वस्ती आहे, वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठात परदेशी विद्यार्थी येतात. त्यांना गॅदरिंगमध्ये नाचायला नका बोलवू, पूर्ण सेमिस्टर आमच्या पोरांसोबत एकाच प्रोजेक्टवर बसवा, वाद घालू द्या, एकमेकांच्या डब्यातलं खाऊ द्या. अभ्यास मंडळाच्या पुढच्या मीटिंगमध्ये मी हेच मांडणार आहे.