तुम्ही विचारलंत म्हणून : स्कूल बोर्डाला मत कुणाला?

ऑक्टोबर आला की मंडळाच्या कोजागिरीला कुणीतरी मला गाठतंच. "काकू, मतपत्रिकेत खाली ते स्कूल बोर्डाचं असतं ना, तिथे कुणाला मत द्यायचं? आम्ही तर त्यातल्या एकालाही ओळखत नाही." विचारणारे बहुधा नव्याने सिटिझन झालेले असतात. राष्ट्राध्यक्ष कोण हवा यावर तासभर वाद घालतील, पण आपल्या टाउनच्या बोर्डावर कोण बसलंय हे विचारलं की गप्प. न्यू जर्सीत घरपट्टीचं सरासरी बिल 2024 मध्ये वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेलं, आणि त्यातला निम्म्याहून अधिक पैसा शाळांना जातो. तो कसा खर्च व्हावा हे ठरवणारी ही माणसं. आमच्याकडे नऊ जण, तीन वर्षांची मुदत, पगार शून्य.

नावं मी कुणालाच सांगत नाही. कसं ठरवते, ते मात्र सांगते.

निवडणुकीआधी हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये उमेदवारांची एक संध्याकाळ असते. लोकांनी छोट्या कार्डांवर लिहून दिलेले प्रश्न सूत्रसंचालक वाचते. उत्तराला एक मिनिट. पहिल्या रांगेत एक बाई घड्याळ घेऊन बसलेल्या असतात. वेळ संपत आली की पिवळा कागद वर, संपली की लाल. लाल कागद दिसला की भलेभले अडखळतात. टाळ्या वाजवायला बंदी, त्यामुळे आपल्याकडच्या सभेची सवय असलेल्याला हे सगळं फार मिळमिळीत वाटतं. पक्षाचं चिन्हही नसतं, म्हणजे ती सोयही गेली.

आणि उमेदवार काय बोलतात? मुलांची सुरक्षितता, मानसिक आरोग्य, पारदर्शक कारभार, करदात्यांवर बोजा नको. डावीकडून उजवीकडे सगळे तेच. याला नाही कोण म्हणेल? म्हणून मी वहीत एवढंच टिपते : हा माणूस कशाला 'नाही' म्हणायला तयार आहे?

कारण गणित सोपं आणि कठोर आहे. 2010 च्या कायद्याने शाळांसाठीचा स्थानिक कर वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. थोड्या सवलती आहेत, नाहीतर मतदारांना विचारावं लागतं. शिक्षकांचे पगार करारानुसार वाढतात. आरोग्यविम्याचे हप्ते दोन टक्क्यांची वाट बघत थांबत नाहीत. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाच्या वाढीव खर्चासाठी केंद्र सरकार दर मुलामागच्या देशातल्या सरासरी खर्चाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत पैसे देईल, असं 1975 च्या कायद्यात कबूल केलं होतं. तो आकडा आजवर कधीच गाठला गेला नाही. एखाद्या मुलाची गरज गावातल्या शाळेत भागत नसेल तर त्याला बाहेरच्या खास शाळेत पाठवायचं आणि फी डिस्ट्रिक्टने, म्हणजे बोर्डाच्या हाताखालच्या शाळा-विभागाने, भरायची. ते द्यायलाच हवं, कायद्यानेही आणि माणुसकीनेही. पण मग कात्री दुसरीकडे चालते.

राज्याच्या अनुदानाचा भरवसाही आता राहिलेला नाही. 2018 मध्ये अनुदानाच्या वाटपाचा नवा कायदा आला आणि पुढची सात वर्षं काही डिस्ट्रिक्टना वाढ, काहींना घट, असं चाललं. टॉम्स रिव्हरसारख्या मोठ्या डिस्ट्रिक्टला वर्षानुवर्षं घट सोसावी लागली. शेजारच्या जॅक्सनमध्ये तर दोन हायस्कुलांचं एक करण्याची वेळ आली. मुलं घटली, पैसा घटला, पण 'माझं हायस्कूल बंद करा' असं कोण म्हणणार?

त्यामुळे 'आम्ही ग्रँट आणू' म्हणणाऱ्यापासून मी सावध असते. कोविडच्या काळात केंद्राने शाळांना तीन हप्त्यांत मिळून सुमारे 190 अब्ज डॉलर दिले. एकदाच मिळणारा पैसा. काही ठिकाणी त्यातून कायमची पदं भरली गेली. शेवटच्या हप्त्याची मुदत सप्टेंबर 2024 मध्ये संपली; माणसं तिथेच होती, पगाराचा पैसा नव्हता.

गेल्या खेपेला एक निवृत्त शिक्षिका उभ्या होत्या. बसचा प्रश्न आला. इथे नियम असा की आठवीपर्यंतचं मूल शाळेपासून दोन मैलांहून लांब राहत असेल, हायस्कूलचं अडीच मैलांहून, तरच बस देणं डिस्ट्रिक्टला बंधनकारक. त्याच्या आतल्यांना दिली तर ती मेहेरबानी, आणि खर्च गावाचा. ड्रायव्हर तर कुठेच मिळत नाहीत. बाकीच्यांनी 'अभ्यास समिती नेमू' म्हटलं. या बाई म्हणाल्या, फुटपाथ आणि क्रॉसिंग गार्ड, म्हणजे मुलांना रस्ता ओलांडून देणारी माणसं, असलेल्या रस्त्यांवरची मेहेरबानीची बस मी बंद करीन आणि वाचनाचे विशेष शिक्षक ठेवीन. सभागृहात कुजबुज झाली. माझं मत तिथेच ठरलं, आणि माझ्या पुतणीची मुलं त्याच बसने जातात, हेही सांगून टाकते. ती अजून थोडी रागावलेली आहे.

आपल्या लोकांचा लाडका प्रश्न मात्र वेगळाच : 'गणिताचा वरचा वर्ग किती लवकर मिळेल?' 2015 मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टमध्ये सुपरिंटेंडेंटने, म्हणजे शाळांच्या मुख्य प्रशासकाने, मुलांवरचा ताण कमी करण्यासाठी हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षा काढल्या, लहान वर्गांतलं प्रगत गणित आवरतं घ्यायचं ठरवलं. पालकांमध्ये उभी फूट पडली, आणि बरीचशी आशियाई विरुद्ध गोरे अशीच. मला दोन्ही बाजू कळतात. पण एखादा उमेदवार 'मी निवडून आलो की पाचवीला आल्जिब्रा' म्हणाला, तर तो एकतर भोळा आहे किंवा आपल्याला भोळं समजतो. नवातलं एक मत त्याचं. बोर्ड सुपरिंटेंडेंट नेमतं, धोरण आणि बजेट मंजूर करतं; शाळा चालवत नाही.

'आपला माणूस' म्हणून मत द्यावं का, हेही विचारतात. 2017 मध्ये एडिसनमध्ये एक भारतीय आणि एक चिनी वंशाचा उमेदवार बोर्डाला उभे होते, तर त्यांना देशाबाहेर घालवा अशी निनावी पत्रकं घरोघरी आली. अशा वेळी मी डोळे मिटून आपल्या माणसाच्या बाजूने. एरवी आडनाव बघून नाही. आपल्या आडनावाचेही 'अभ्यास समिती नेमू' म्हणणारे पुष्कळ भेटलेत.

यानंतर हमखास येणारा प्रश्न : "मग काकू, तुम्हीच का उभ्या राहत नाही?" अवघड काही नाही. वर्षभर त्या डिस्ट्रिक्टमध्ये राहिलेलं असावं, मतदार असावं, अर्जावर काही मतदारांच्या सह्या, जुलैअखेरीची मुदत. पण बैठका रात्री अकरापर्यंत चालतात, आणि दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात दहा जण बसबद्दल विचारतात. तुमचं वय आहे, तुम्ही राहा. त्यांतली एक सही माझी धरा. मात्र मत देण्याआधी बसचं काय ते विचारीन.