बेचाळीस दिवसांचं दुकान

वर्षातले बेचाळीस दिवस आमचं दुकान, म्हणजे अलास्कातल्या रानमेंढ्यांच्या शिकार-सहलींचा धंदा, उघडं असतं. १० ऑगस्टला उघडतं, २० सप्टेंबरला बंद होतं. उरलेलं वर्ष चेक, परवाने, विमा, विमानाची डागडुजी आणि फोन यांत जातं. फोनवर बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "मेंढा नक्की मिळेल ना?" इतकी वर्षं झाली, या प्रश्नाला मी अजून 'हो' म्हटलेलं नाही.

आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा. तो अलास्कातच वाढला. परवानाधारक गाइड आहे आणि स्वतःचं छोटं विमान चालवतो. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा मेंढी म्हणजे धनगराच्या काठीपुढं चालणारं जनावर, एवढंच मला ठाऊक. आता डॉल मेंढ्याच्या शिंगाचा नुसता फोटो पाहून मी त्याचं वय सांगू शकते. आईला मात्र अजूनही वाटतं की आम्ही लोकांना ट्रेकला नेतो. तसं ते अगदीच खोटं नाही. दहा दिवसांच्या सहलीतले साडेनऊ दिवस ट्रेकच असतो.

धंदा कसा चालतो ते आधी सांगते. डॉल मेंढा हा अलास्काच्या उंच डोंगरांतला पांढराशुभ्र रानमेंढा. ब्रूक्स रांग, अलास्का रांग, रँगल, चुगाच अशा रांगांमध्ये तो असतो. परराज्यातल्या माणसाला गाइड घेतल्याशिवाय त्याची शिकार करता येत नाही. अलास्कात राहणारा जवळचा नातेवाईक सोबत असेल तर तेवढी सूट मिळते. या एका नियमावर आमची चूल पेटते, हे मी लपवत नाही. गिऱ्हाइकाला शिकारीचा परवाना १६० डॉलरला पडतो, मेंढ्याचा टॅग, म्हणजे एक मेंढा मारायची परवानगी, ८५० डॉलरला. हे पैसे सरकारकडे जातात. त्यानंतर आमचं बिल सुरू होतं आणि ते ऐकून बरेच जण फोन ठेवतात.

बिल मोठं का, हेही सांगायला हवं. एका गिऱ्हाइकामागं एक गाइड आणि बहुतेक वेळा एक पॅकर, म्हणजे ओझं वाहणारा तरुण पोरगा. रस्ता नाहीच. रुंद, मऊ टायरांचं सुपर कब विमान नदीपात्रातल्या गोट्यांवर उतरतं. मागं एकच माणूस बसतो, म्हणून तीन माणसांना तीन फेऱ्या. सामान वजनकाट्यावर तोलूनच चढतं. पुढं पाय. माझ्या मराठी वाचकांना कळेल अशा शब्दांत सांगायचं तर दिवसभर घसारा, मग नाळ, मग धार आणि धारेपलीकडं पुन्हा तसाच घसारा. मेंढा वरून खाली बघत बसलेला असतो. त्याची नजर आपल्या दुर्बिणीइतकी तीक्ष्ण, त्यामुळं त्याच्या वरच्या अंगानं जावं लागतं. एका मेंढ्यासाठी अख्खा डोंगर चढून वळसा घालायचा आणि तिथं पोचलो की धुकं. धुक्यात तंबूत पडून राहायचं, कधी दोन दिवस, कधी चार. गिऱ्हाईक त्याचेही पैसे देतंच.

२००० साली सुरुवात केली तेव्हा पहिल्या हंगामात तीन गिऱ्हाइकं होती. त्यांतला एक नवऱ्याच्या ओळखीतला, म्हणून निम्म्या दरात. तरीही भवानी त्याच्याच हातची झाली, त्यामुळं मी कधी कुरकुर केली नाही.

दुसऱ्या हंगामात, ११ सप्टेंबर २००१ ला, नवरा अलास्का रांगेत एका गिऱ्हाइकासोबत होता. त्या वेळी आमच्याकडं विमान नव्हतं. भाड्याचं विमान १३ तारखेला त्यांना आणायला जाणार होतं. पण सगळ्या देशाचं आकाश बंद झालं. उपग्रह फोन आम्हाला परवडत नव्हता, म्हणून त्या दोघांना काहीच कळलेलं नव्हतं. पात्रात तंबू ठोकून ते वाट पाहत बसले. नवरा नंतर म्हणाला, आवाज नाही हे आधी जाणवलंच नाही. तिसऱ्या दिवशी जाणवलं की इतक्या उंचावरून जाणारी मोठी विमानंही दिसत नाहीत. पांढरी रेघ एकही नाही.

त्या गिऱ्हाइकाचा मुलगा न्यूयॉर्कमध्ये नोकरीला होता. त्याच्या घरून मला दिवसातून चार-चार फोन येत होते. मुलगा सुखरूप आहे हे मला कळलं होतं, बापाला मात्र मुलगा संकटात होता हेच माहीत नव्हतं. उड्डाणं सुरू झाल्यावर वैमानिक निघाला तेव्हा मी त्याच्या हाती चिठ्ठी दिली: 'मुलगा सुखरूप आहे. बाकीचं इथं आल्यावर.' नुसतं 'सुखरूप' वाचून तो माणूस पात्रातल्या दगडावर मटकन बसला म्हणे. त्यांना त्या खेपेला मेंढा मिळाला नव्हता. त्याविषयी त्यानं एक अक्षरही काढलं नाही. पुढल्याच महिन्यात कर्ज काढून मी पहिली खरेदी केली ती उपग्रह फोनची.

२००८-०९ ची मंदी आली तेव्हा आगाऊ रक्कम भरलेले लोक मागं फिरले. ते एका परिच्छेदात संपवते, कारण त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. पैसे गेले, पॅकर कमी केले, मी एका शाळेत ऑफिसचं काम धरलं. दोन वर्षांत गाडी रुळावर आली.

आमची सर्वांत मोठी नामुष्की मात्र मंदीतली नव्हे, शिंगातली. कायद्यानं मारता येण्याजोगा मेंढा ठरवायच्या तीन कसोट्या आहेत. एकतर बाजूनं पाहताना शिंगाचं पूर्ण वर्तुळ झालेलं हवं, नाहीतर दोन्ही शिंगांची टोकं तुटलेली हवीत, नाहीतर वय किमान आठ वर्षं हवं. वय शिंगावरच्या वळ्यांवरून मोजतात. दर हिवाळ्यात वाढ थांबते आणि एक खोल खाच पडते. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखंच, फक्त हे झाड तीनशे मीटरवर उभं असतं, मान हलवतं आणि कुठल्याही क्षणी धारेपलीकडं जाऊ शकतं.

आमचा एक गाइड, पोरगा चांगला, पण एकट्यानं गिऱ्हाईक न्यायचा त्याचा पहिलाच हंगाम. शिंगाचं वर्तुळ पुरतं झालेलं नव्हतं, म्हणून त्यानं दुर्बिणीतून वळी मोजली. आठ भरली. गोळी सुटली. मेंढा हातात आल्यावर त्यानं पुन्हा मोजली आणि या वेळी सात. मधली एक खाच खोटी होती. ती हिवाळ्याची नव्हती, उन्हाळ्यातल्या कुठल्यातरी उपासमारीची असावी.

त्यानं तिथूनच फोन केला. आवाज इतका बारीक की मला वाटलं कुणी दरीत पडलं. नवऱ्यानं एवढंच सांगितलं, "मांस सगळं खाली आण. शिंगं जशी आहेत तशी आण. आपणच जाऊन सांगायचं." इथं प्रत्येक शिकारीनंतर शिंगं वन्यजीव खात्याच्या कार्यालयात नेऊन दाखवावी लागतात. तिथं ती मोजून शिंगात धातूची खूण ठोकतात. मी टेबलाच्या अलीकडं उभी होते. पलीकडच्या बाईंनी अंगठ्याचं नख शिंगाच्या मुळापासून टोकाकडं सरकवत नेलं. प्रत्येक खाचेत नख अडायचं, 'टक्' असा बारीक आवाज व्हायचा. सात वेळा झाला. आठव्यासाठी त्यांनी नख पुन्हा फिरवलं, आमच्या समाधानासाठी. शिंगं जप्त झाली, दंड झाला, गिऱ्हाइकाला आम्ही निम्मे पैसे परत केले. तो पोरगा पुढच्या वर्षी आला नाही. मला वाटतं, त्याला आम्ही घाई केली होती. चूक त्याच्या नजरेची कमी आणि आमच्या वेळापत्रकाची जास्त.

तेव्हापासून आमच्याकडं नियम असा की गाइड आणि पॅकर दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडे जुळले नाहीत तर बंदूक खाली. यामुळं दोन-तीन गिऱ्हाइकं रिकाम्या हातानं गेली आणि नाराज झाली. होऊ देत.

शिकारीबद्दल मला विचारणारे इथंही असतात, तिकडंही. फक्त म्हातारे नरच काढले तर कळप टिकतो, हे या नियमामागचं गणित. ते मला पटतं. पण पहिल्यांदा घरी आलेल्या मेंढ्याच्या मांसाची पाकिटं भरताना माझे हात थरथरले होते, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी सोबत घेऊन मी हिशेब लिहिते.

या धंद्याची खरी खोच आता सांगते. आज मी जो मेंढा गिऱ्हाइकाला दाखवते, तो साधारण आठ वर्षांपूर्वी जन्मलेला असतो. म्हणजे माझं गोदाम आठ वर्षं आधी भरतं आणि भरताना मला कुणी विचारत नाही. २०१३ चा वसंत भलताच लांबला. मे महिना आला तरी बर्फ हटेना आणि मेंढ्या नेमक्या मे अखेरीस वितात. ब्रूक्स रांगेत त्या वर्षी कोकरं जवळजवळ दिसलीच नाहीत. त्या साली आमचा धंदा झकास झाला. म्हातारे नर भरपूर होते, मी रेनोच्या जानेवारीतल्या शीप शोमध्ये, म्हणजे मेंढा-शिकाऱ्यांच्या प्रदर्शनात, ऐटीत स्टॉल लावला, दोन-दोन वर्षं पुढची बुकिंगं घेतली. नवऱ्यानं मात्र स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरशेजारी पेन्सिलीनं '२०२१' एवढंच लिहून ठेवलं. मी त्याला हसले होते.

२०२० मध्ये करोना आला. युरोपातल्या गिऱ्हाइकांना अमेरिकेत येणं बंद झालं, म्हणून तीन सहली रद्द झाल्या. दुसऱ्या बाजूला कॅनडाची सीमा बंद, त्यामुळं युकॉन आणि ब्रिटिश कोलंबियात मेंढ्यासाठी जाणारे अमेरिकन आमच्याकडं वळले. तपासणीचा अहवाल हातात घेऊन यायचे. फोन इतके वाजत होते की मी दुप्पट सहली विकू शकले असते. आणि त्याच वेळी भिंतीवरचं '२०२१' मला रोज दिसत होतं. मी एकही जादा सहल विकली नाही. माझ्या आयुष्यातला हा एकमेव शहाणा व्यावसायिक निर्णय आणि तो पेन्सिलीच्या चार आकड्यांनी घेतला.

२०२१ उजाडलं आणि ब्रूक्स रांगेत आठ वर्षांचे नर खरोखर नव्हते. सहा वर्षांचे होते, अकरा वर्षांचा एखादा होता, मधली पायरीच गायब. तोवर अलास्का रांगेतही एकामागोमाग वाईट हिवाळे झाले होते. २०२१ च्या नाताळात फेअरबँक्सकडं चक्क पाऊस पडला. बर्फ डॉल मेंढ्याला चालतो, वाऱ्यानं झाडलेल्या उतारावर तो खालचं गवत उकरून खातो. पाऊस पडून तो गोठला की मात्र उतारावर काचेचं झाकण बसतं. खूर मारून ते फुटत नाही.

मार्च २०२३ मध्ये राज्याच्या शिकार मंडळानं अलास्का रांगेतला १९ सी हा शिकारीचा विभाग परराज्यातल्या मेंढा-शिकाऱ्यांना पाच वर्षांसाठी बंद केला. आमच्या कामाचा एक मोठा भाग त्याच विभागात. गाइडला जास्तीत जास्त तीन क्षेत्रं नोंदवता येतात. तिथली जागा गेली म्हणून लगेच दुसरीकडं तंबू हलवला, असं होत नाही. स्थानिक रहिवाशांना शिकार चालू आणि आमची गिऱ्हाइकं बंद, याचा राग मला आला. बैठकीत मी तीन मिनिटं बोललेही. पण खोटं कशाला बोलू, त्या डोंगरांत शेवटच्या दोन हंगामांत आमच्याच दुर्बिणीत किती मेंढे आले होते ते माझ्या वहीत लिहिलेलं होतं. तो आकडा मी बैठकीत वाचून दाखवला नाही.

या परिस्थितीला आमचीही जमात जबाबदार आहे. १९८८ मध्ये अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयानं गाइडांना राखीव क्षेत्रं देण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. वन्यजीव सगळ्यांचे, हे तत्त्व मोठं आहे. पण त्यानंतर राज्य सरकारच्या जमिनीवर एकाच खोऱ्यात चार-चार गाइड उतरू लागले. आपण म्हातारा नर पुढच्या वर्षासाठी सोडला की शेजारचा परवा घेऊन जातो, मग सोडणार कोण? संघराज्याच्या अभयारण्यांत अर्ज मागवून मोजक्या गाइडांना जागा देतात. तिथले कळप गाइड आपल्या शेतासारखे जपतात. आमची ब्रूक्समधली जागा तशी आहे आणि ती आहे म्हणून आम्ही आहोत.

सध्या वर्षाला चार मेंढ्यांच्या सहली. पूर्वी नऊ असायच्या. फरक भरून काढायला नवरा वसंतात अस्वलाच्या सहली नेतो आणि जूनमध्ये आम्ही फोटो काढणाऱ्यांना घेऊन जातो. त्यांना कोकरं हवी असतात, आठ वर्षांचा नर नको. त्यांच्यासोबत मीही जाते. कोकरं मोजते, वहीत लिहिते.

१९ सी बंद झाल्यावर त्या विभागातल्या सगळ्यांना मी आगाऊ रक्कम परत पाठवली. त्यांत ओहायोचे एक निवृत्त शिक्षक होते. सहलीसाठी पंधरा वर्षं पैसे साठवत होते. विभाग पुन्हा उघडेल तेव्हा ते सत्तरीला टेकलेले असतील. त्यांनी तेवढ्याच रकमेचा स्वतःचा चेक पाठवला, सोबत एक ओळ: 'मी जिने चढतोय.' मी तो वटवला नाही. खणात ठेवून दिला आणि त्यांना तसं कळवलं. इथं सहा महिन्यांनी चेक शिळा होतो, म्हणून तेव्हापासून दर जानेवारीत त्यांच्याकडून नवा चेक येतो. मी जुना फाडते आणि नवा खणात ठेवते.