पणजीचं माहेर सापडलं त्याची गोष्ट

आम्हा बेने इस्राएल लोकांना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, वडिलांकडचं मूळ शोधायला फारसा त्रास पडत नाही. आडनावातच गाव असतं: पेणकर, रोहेकर, दिवेकर. पंचाईत होते ती आईकडची. धर्माप्रमाणे ज्यूपण आईवरून येतं, आणि कागदांत नेमकी बाईच गायब असते. मला आजीच्या आईचं माहेर हवं होतं.

“डीएनए टेस्ट कर,” असं प्रत्येकाने सुचवलं. २०१६ साली आमच्या समाजाच्या जनुकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यू आणि भारतीय, दोन्हीकडचा वारसा दिसला. छानच आहे. पण थुंकीची नळी पाठवून पणजी चौलची की किहीमची ते कसं कळणार?

सुरुवात झाली आजीच्या केतुब्यापासून, म्हणजे लग्नाच्या करारापासून. हिब्रू लिपी, अरामी भाषा. आमच्याकडे प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानकाकांनी वाचून दाखवला. नवरीच्या बापाचं नाव होतं शमुएल. पेणजवळच्या ज्या खेड्यात पणजोबांचा तेलाचा घाणा होता, तिथल्या जुन्या जमिनीच्या कागदांत मात्र शमुएल कोणीच नव्हता. एक समाजी होता. “अगं, तोच तो,” काका म्हणाले. १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधणारे सॅम्युएल इझेकिएल दिवेकर लोकांत समाजी हसाजी म्हणूनच ओळखले जायचे. त्याच सिनेगॉगवरून मशीद स्टेशनला नाव पडलं.

मग पणजोबांची कबर. दगडावरची मराठी ओळ झिजून गेलेली, हिब्रू अक्षरं शाबूत. त्या अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते: ताव ४००, रेश २००, आयिन ७०, बेत २. बेरीज ६७२. हजाराचा आकडा बहुधा लिहीत नाहीत, म्हणून इसवी सन काढायला १२४० मिळवायचे: १९१२. पण महिना किसलेव होता, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरचा. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं, त्यामुळे एक वजा. १९११चा हिवाळा. म्हणजे आजीचा जन्म त्याआधीचा, हे नक्की.

तहसील कचेरीत गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंदवही, मिळाली. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी सोबत होते. आजीच्या भावंडांच्या नोंदी सापडल्या, आजीचीच नाही. मी वैतागले. गुरुजींनी सहज विचारलं, “आजी थोरली का?” होती. पहिलं बाळंतपण माहेरी! इतकी साधी गोष्ट, आणि मी सासरच्या वहीत डोकं खुपसून बसले होते.

पुढचं काम निव्वळ चिकाटीचं. अलिबाग तालुक्यातल्या ज्या गावांत आमच्या समाजाची घरं होती, त्यांच्या वह्या एकेक करून मागवल्या. गुरुजी जातीच्या रकान्यावर बोट फिरवत जायचे: आगरी, कोळी, माळी, आगरी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आम्ही ‘शनवार तेली’, पण कारकून कधी नुसतंच ‘तेली’ लिहून मोकळे व्हायचे. प्रत्येक तेली तपासावा लागला. चौलच्या वहीत बोट थांबलं: मुलगी, बाप समाजी, आणि पुढे राहण्याचं गाव पेणजवळचं, आमचंच.

साक्षांकित नक्कल घेतली; ती घ्याच, मोबाइलवरचा फोटो पुढे कुठेही चालत नाही. इस्रायलमध्ये अश्दोदला राहणाऱ्या मावसभावाला प्रत पाठवली. आनंद झाला म्हणाला, आणि लगेच विचारलं, “आणि पणजीची आई कुठली?” चौलच्या त्याहून जुन्या वह्यांसाठी अर्ज दिलाय.