गप्प बसण्याचं काम

आमच्या साताऱ्याकडच्या चुलत सासूबाई अजूनही सगळ्यांना सांगतात, "सून परदेशात असते." खरं तर साताऱ्याहून पहाटे निघालं की दुपारच्या जेवणाला आम्ही फोंड्यात असतो. पण त्यांचंही अगदीच चुकत नाही. त्यांच्या लहानपणी, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, गोवा हा पोर्तुगिजांचा मुलुख होता आणि सीमेवर कागद दाखवल्याशिवाय कुणाला आत सोडत नसत. तेव्हा या मजकुराला परदेशातलं पत्र म्हणायला माझी हरकत नाही.

पहिल्यांदा एक निराशा करते. आम्ही राहतो तिथे समुद्र नाही. फोंडा आतल्या बाजूला आहे. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे ही देवळं आसपास, उतारांवर सुपारीची कुळागरं, आणि पलीकडे कुंडईची औद्योगिक वसाहत. नवऱ्याची नोकरी तिथे, म्हणून आम्ही इथे. "बीचवर रोज जाता का?" याचं उत्तर नाही असं आहे. पुन्हा विचारू नका.

मी आले तेव्हा मला बोलायला बंदी होती. वीसेक वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. वर पत्रा, खिडकीबाहेर एस.टी. स्टँड, त्यात पाऊस सुरू झाला की पाढे ओरडूनच म्हणवून घ्यावे लागत. स्वरतंतू एकमेकांवर वर्षानुवर्षं जोरात आपटत राहिले की जिथे आपटतात तिथे घट्टे धरतात. शिक्षक, गायक, भाजीवाले यांचा हा नेहमीचा आजार. माझे घट्टे विश्रांतीनं जाईनात, म्हणून शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर डॉक्टरांनी संपूर्ण मौन सांगितलं. कुजबुजसुद्धा नको, म्हणाले, कारण कुजबुजताना घशावर उलट जास्त ताण येतो. मौन संपल्यावरही बोलणं मोजून, आणि वर्गात परत जायचं नाही. नोकरी सोडली. तेवढ्यात नवऱ्याची बदली झाली.

नव्या गावात मुक्याने राहणं काय असतं ते मी सांगू शकत नाही, म्हणजे तेव्हा तर शब्दशः सांगू शकत नव्हते. घरमालकीण माई दारात उभ्या राहून मायेनं चौकशी करायच्या, मी फोनवर मराठीत टाइप करून दाखवायची, त्या चष्मा आणायला आत जायच्या, तोवर विषय संपलेला. शेजारचं भजनी मंडळ बोलवायला आलं. फोंड्यातल्या मराठी भजनाची परंपरा मोठी, आणि मी टाळ हातात घेऊन नुसती ओठ हलवत बसलेली. दोन एकादश्यांनंतर जाणं सोडलं. दिवसभर पंख्याकडे बघत पडून राहायचं, रात्री झोप नाही. वर्गात ज्यांना "गप्प बसा" म्हणून दटावलं ती सगळी पोरं स्वप्नात यायची. (हसू नका, खरंच यायची.)

कॅमेरा आला तो भाच्याच्या कृपेनं. त्यानं नवा मिररलेस घेतला आणि जुना डीएसएलआर, ९० एमएमच्या मॅक्रो लेन्ससकट, आमच्या कपाटात टाकून गेला. "मामी, बघ काहीतरी." बाकी सूचना नाहीत.

मॅक्रो लेन्सची गंमत अशी की ती जगाचा अगदी चिमटीएवढा तुकडा दाखवते, पण त्या तुकड्यात तुम्हाला थारा लागत नाही. मुंगीच्या डोळ्यावर फोकस केला की मिशा धूसर. एखाद मिलिमीटरच्या जाडीतलंच काय ते स्पष्ट येतं. आपण श्वास घेतला की खांदे हलतात, आणि मुंगी गेली धुक्यात. फोकसचं कडं फिरवत बसायचं नाही, ते एका जागी ठेवून आपणच मुंगीभर पुढे-मागे व्हायचं, हे मला नंतर कळलं. श्वासाचं मात्र आधीच येत होतं. त्याच काळात स्पीच थेरपिस्टकडे माझे व्यायाम चालू होते: छाती न उचलता पोटानं श्वास घ्यायचा, हळूहळू सोडायचा, आणि सोडून झाल्यावर पुढचा श्वास येण्याआधी जी क्षणभराची जागा असते ती ओळखायची. घरात चटईवर हे करताना मला रडू यायचं. अंगणात जास्वंदीवरच्या कोळ्यासमोर गुडघे टेकून तेच केलं, त्या जागेत बटण दाबलं, आणि कोळ्याचे आठही डोळे आले. दोन्ही गृहपाठ एकच निघाले. थेरपिस्टबाईंना फोटो दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "हाच व्यायाम रोज करा, तो दुसरा राहू द्या."

गैरसमज नको. फोटो काढून घशातल्या गाठी जात नाहीत. हल्ली 'निसर्गाने बरे केले' अशा गोष्टींचा सुकाळ झालाय, त्यात माझी भर नको. घसा बरा केला तो शस्त्रक्रियेनं, मौनानं आणि व्यायामानं. पण मौन पाळणं हे काम माझ्याच्यानं एकटीनं झालं नसतं. इथे ते कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं. मी गप्प राहिले तर बेडूक बसून राहत होता.

बेडकाचं सांगायलाच हवं. सावईवेऱ्याच्या बाजूला माईंच्या माहेरचं कुळागर आहे. कुळागर म्हणजे नुसती सुपारीची बाग नव्हे. वर पोफळी, त्यांच्यावर चढवलेली मिरी, खाली केळी, जायफळ, अननस, मधून पाट, आणि वरच्या अंगाला दगडी बांधणीची तळी. माईंचे भाऊ, आम्हीही त्यांना भाऊच म्हणतो, रात्री बॅटरी घेऊन पाणी सोडायला जातात. जूनमध्ये पाऊस लागला आणि त्यांनी निरोप धाडला: "टीचरीक सांग, पाचवे आयले." पाचवे म्हणजे हिरवे. आधी वाटलं पाहुणेच आले.

तळीवर वाकलेल्या फांदीवर मलबारी उडता बेडूक होता. तळहाताएवढी मादी, केळीच्या कोवळ्या पानाचा रंग, पायांच्या बोटांमधले पडदे लालभडक. हे पडदे ताणून तो झाडावरून झाडावर तरंगत उतरतो. तिच्या पाठीवर लहानखुरा नर. मादी मागच्या पायांनी घुसळत होती आणि त्यातून पांढरा फेस फुगत होता, ताक करताना रवीपाशी येतो तसा. अंडी त्या फेसात. फेस वरून सुकतो, आत ओल टिकते, आणि काही दिवसांनी पिल्लं, म्हणजे शेपटीवाले बेडूकमासे, खाली तळीत टपाटप पडतात. म्हणूनच फांदी पाण्यावर आलेलीच निवडायची. हे मी शाळेत चित्र काढून कधी शिकवलं नव्हतं, कारण पाठ्यपुस्तकातला बेडूक सरळ पाण्यातच अंडी घालत होता.

तासन्तास बसलो. भाऊ विडीची तलफ मारून बसले, मी चिखलात मांडी घालून. दोघांत एक शब्द नाही. फ्लॅशवर ट्रेसिंग पेपरचा पडदा लावलेला, आणि तोही मोजकाच उडवायचा, कारण डोळ्यांवर सारखा लखलखाट झाला तर मादी अर्ध्यात सोडून जाऊ शकते. इथे पावसात बाहेरून फोटोवाल्यांचे गट येतात. त्यांतले बरेच चांगले असतात. काही मात्र बेडूक पकडून डब्यात घालतात आणि सकाळी आपल्या आवडीच्या पानावर बसवून फोटो घेतात. ती चित्रं बक्षिसंही मिळवतात. मला अशा चित्रातला बेडूक ओळखू येऊ लागलाय, त्याची बसण्याची तऱ्हा घाबरलेली असते. तिबोटी खंड्याच्या घरट्याचंही तेच. हा मुठीत मावेल एवढा रंगीत पक्षी पावसाबरोबर येतो, मातीच्या दरडीत लांब बीळ खणतो आणि पिल्लांना बेडूक-सरडे भरवतो. बिळासमोर कॅमेऱ्यांची रांग लागली की आईबाप चोचीत भक्ष्य धरून लांब ताटकळतात. माझ्याकडे त्याचा घरट्याजवळचा एकही फोटो नाही आणि असणार नाही.

आता थोडं व्यवहाराचं, कारण दोघी-तिघींनी विचारलंय. गोव्याच्या पावसात लेन्सला बुरशी धरते. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस, चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथे काचेचं काय? घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि ओलावा मोजणारं छोटं घड्याळ. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये हवा. माईंनी तांदळाच्या डब्यात ठेव म्हणून सांगितलं होतं. तांदूळ नको, त्याची पूड लेन्सच्या कड्यात जाते. गमबूट घ्या. आणि हात टेकण्याआधी त्या फांदीवर बॅटरी मारा: मलबारी चापडा हा साप हिरवा, तपकिरी, पिवळा कुठल्याही रंगाचा असतो आणि दिवसेंदिवस एकाच जागी दबा धरून बसतो. विषारी आहे. गप्प बसण्यात तो माझ्या फार पुढे.

नवं काम सुरू झालं ते चवथीला. आपल्याकडे गणपतीच्या डोक्यावर मखर, झिरमिळ्या, लाइटिंग. इथे देवासमोर वरती लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं बांधतात. ही माटोळी. सुपारीचे शिपटे, नारळाची पेंड, तोरिंगं, नीरफणस, आंबाडे हे ओळखीचं. पण त्यांच्यामध्ये घागऱ्या, कांगलां, लालबुंद कवंडळं, असं कितीतरी, ज्यांची नावं माईंना येतात आणि माईंच्या सुनेला येत नाहीत. सरकारच्या कला आणि संस्कृती खात्याची माटोळीची स्पर्धा असते. लोक तिच्यासाठी आठवडाभर रान पालथं घालतात आणि शेकड्यांनी जिन्नस बांधतात. माईंच्या घरची माटोळी बघताना वाटलं, हे सगळं फळ झाल्यावरच दिसतं. फूल कुणी पाहिलंय? पान?

तेव्हापासून तेच चाललंय. प्रत्येक वनस्पतीचं फूल, पान, कच्चं फळ, पिकलं फळ, आणि तिच्यावर येणारा किडा. ओळख पटत नसेल तर आयनॅचरलिस्ट या झाडं-प्राणी ओळखण्याच्या संकेतस्थळावर टाकते, तिथे जाणकार चुका सुधारतात. छापून पत्त्यांएवढी कार्डं केली आहेत. ती घेऊन तालुक्यातल्या मराठी आणि कोंकणी प्राथमिक शाळांत जाते. मी फक्त कार्ड वर धरते. बोलतात ती पोरं. "आमच्या आज्जीच्या कुंपणार आसा!" "हें खाल्यार तोंड खाजता!" नाव, उपयोग, कुठे मिळतं, सगळं तीच सांगतात, मी लिहून घेते. आयुष्यभर ज्या आवाजाची मी नोकरी केली त्याशिवाय वर्ग चालतो, हे बघून आधी थोडा रागच आला होता.

पैशांचं विचाराल तर बेताचं आहे. कार्डांचे संच थोडे खपतात. पावसात एका कुळागरातल्या पाहुण्यांना रात्री बेडूक दाखवायला नेते, त्याचे मिळतात. नेताना पहिली अट हीच की कुणी बोलायचं नाही. पुण्या-मुंबईची मंडळी पहिली दहा मिनिटं फार अवघडतात.

पौष अमावस्येला दुर्भाटला गेले होते. तिथे खाजनाच्या बांधावर गावकरी चिखलाची मगर घडवतात, तिला शिंपल्यांचे खवले लावतात, फुलं वाहतात. मानगे थापणी म्हणतात. खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली भातजमीन. बांध फुटला की खारं पाणी शेतात, म्हणून पाण्याच्या धन्याला आधीच नमस्कार. आपल्या मगरी, नदी-तळ्यांत राहणाऱ्या, इथे कुंभारजुव्याच्या कालव्यात, खाऱ्या पाण्यात कांदळवनात राहतात. खऱ्या मगरीचा फोटो होडीतून घेतला, बरा आलाय. पण घरी भिंतीवर लावलाय तो चिखलाच्या मगरीचा.

आता मी बोलते. आवाज थोडा घोगरा राहिलाय आणि वरच्या पट्टीत जात नाही. नणंद विचारते, शाळा परत कधी धरणार. नाही धरणार. वेळही नाही, कारण कवंडळाचं काम अडलंय. त्याची पांढरी झालरीची फुलं रात्री उमलतात, पण या वेलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळी. मला सापडतात ते सगळे नरच. फोंडा, सत्तरी, डिचोलीकडचं कुणी वाचत असेल आणि दरवर्षी फळं धरणारा वेल ठाऊक असेल, तर चवथीच्या आधी कळवा. फोन नको, मेसेज करा.