तुम्ही विचारलंत म्हणून : रेघांचे बगळे आणि तापस

पाणथळीत दिसलेला तपकिरी, अंगावर रेघा असलेला पक्षी बगळा की तापस (बगळ्यांच्याच कुळातला, बोरूत लपून राहणारा पक्षी), आणि त्यांतला नेमका कोणता, हे कसे ठरवायचे, असे मला वारंवार विचारले जाते. माझे उत्तर ठरलेले आहे : ओळखीची सुरुवात रेघांवरून करू नका. विणीचा हंगाम नसताना वंचकाच्या मानेवर, रातबगळ्याच्या आणि हिरव्या बगळ्याच्या वर्षाआतल्या पिलांच्या छातीवर आणि तांबूस तापसाच्या मादीवरही रेघा असतात. त्या लपण्यासाठी आहेत, वेगळेपण दाखवण्यासाठी नाहीत. पक्षी उडेपर्यंत धीर धरा आणि उघडलेला पंख पाहा.

वंचक, म्हणजेच ढोकरी, बसलेला असतो तेव्हा मातकट दिसतो. पण उडाला की पंख, कंबर आणि शेपटी पांढरीशुभ्र दिसते आणि शंका तिथेच मिटते. पिवळ्या तापसाच्या पंखाचा पुढचा भाग फिकट पिवळसर आणि उड्डाणपिसे काळी, त्यामुळे पंख सरळ दुरंगी दिसतो. तांबूस तापसाचा पंख मात्र टोकापर्यंत एकाच तांबूस रंगाचा असतो. काळा तापस गडदच. त्याच्या मानेच्या बाजूचा पिवळसर पट्टा पाहावा.

सर्वांत जास्त गल्लत होते ती रातबगळ्याच्या पिलाची. ते तपकिरी, जाडसर आणि निश्चल उभे राहणारे असल्यामुळे अनेक जण त्याला मोठा तापस म्हणून मोकळे होतात. त्याच्या पाठीवर आणि पंखांवर थेंबांसारखे ठळक पांढुरके ठिपके असतात. मोठ्या तापसाच्या सोनेरी-तपकिरी अंगावर असे ठिपके नसतात; तिथे काळ्या रेघांची आणि नागमोडी पट्ट्यांची दाट नक्षी असते, डोक्यावर काळी टोपी आणि चोचीपासून मागे जाणारी काळी मिशी असते. हिरव्या बगळ्याच्या पिलालाही ठिपके असतात, पण ते बारीक, पंखांच्या पिसांच्या टोकाशी. शिवाय हा पक्षी वंचकाएवढाच, तर रातबगळा साधारण 60 सेंमी लांबीचा.

तापसाचे उभे राहणे मला फार मोलाचे वाटते. धोका जाणवला की तो मान ताणून चोच आकाशाकडे रोखतो, पिसे अंगालगत आवळून घेतो आणि वाऱ्याने बोरू हलला तर त्याच्यासोबत स्वतःही डोलतो. डोळे खालच्या बाजूला असल्याने चोच वर असतानाही त्याला समोरचे दिसत राहते. तापसांच्या शेपटीत 10 आणि इतर बगळ्यांच्या शेपटीत सहसा 12 मोठी पिसे असतात. पाणथळीच्या काठावरून ती मोजता येत नाहीत, पण ही कुळातली वेगळी शाखा आहे हे त्यावरून कळते.

एका जोडीपुढे मात्र पंखही उपयोगी पडत नाही. चिनी वंचक आणि आपला वंचक विणीबाहेरच्या पिसाऱ्यात जवळजवळ सारखेच असतात. अशा वेळी दोन्ही आढळणाऱ्या प्रदेशात मी नोंदीत जातीचे नाव लिहीत नाही, फक्त ‘वंचक’ लिहितो. विणीच्या काळात आपल्या वंचकाची पाठ गडद तांबडी होते. चिन्याचे डोके आणि मान तांबडी, तर पाठ काळसर होते, तेव्हाच नाव नक्की करावे.