आईला लंडनला नेताना मांडलेला तासांचा हिशेब

आईला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. गोळ्या सकाळी आठला आणि रात्री आठला, त्यात फरक चालत नाही. म्हणून लंडनला ताईकडे जायचं ठरलं तेव्हा बाकी सगळं बाजूला ठेवून मी आधी तासांचा हिशेब मांडायला बसलो.

मुलाचा पृथ्वीगोल आणि आईच्या रिळातला दोरा घेतला. विषुववृत्ताचा वेढा ४०,००० किलोमीटरचा. मुंबई ते लंडन ताणून धरलेला दोरा त्या वेढ्यात साधारण साडेपाच वेळा बसला, म्हणजे ७,२०० किलोमीटरच्या आसपास. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून हे जमत नाही. गोलावर दोरा आपोआप जवळची वाट धरतो : पाकिस्तान, इराण, कॉकेशस, मग युरोप. विमानाचा वेग ताशी नऊशे धरला तर आठ तास. तिकिटावर मात्र दहा.

वरचे दोन तास कशाचे, ते शोधलं. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, त्यामुळे आमच्या विमानाला वळसा होता. शिवाय उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, जाताना ते समोरून येतात. आणि छापलेल्या वेळेत धावपट्टीसाठी रांगेत थांबणंही धरलेलं असतं.

सुटायची वेळ दुपारी १, पोचायची संध्याकाळी ६.३०. "साडेपाच तासांत लंडन?" मामांनी विचारलं. पण दोन्ही वेळा त्या त्या गावच्या. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे. ते मिळवले की दहा.

आईला सोसायचे होते ते मात्र पंचवीस. रात्री बाराला सांगली सोडायची, पेठ नाक्यावरून हायवे, सातारा, पुणे, आणि सकाळी दहाच्या आत विमानतळ. उतरल्यावर इमिग्रेशन, सामान, मग ताईचं घर.

हाच कागद डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी आईसाठी सांगितलं : प्रवासभर आपल्याच वेळेने गोळ्या, तिथली सकाळ उजाडली की तिथल्या घड्याळाने. रात्रीचे आठ विमानात वाजणार होते आणि जेवणाची गाडी नेमकी तेव्हाच येईल याची खात्री नव्हती. म्हणून कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी आईच्या हातातल्या पिशवीत ठेवली. मनगटावर सांगलीची वेळ तशीच होती. आठ वाजले तशी तिने गोळी घेतली, भाकरी मोडली आणि शेजारच्या बाईंनाही तुकडा दिला.

येताना वारा पाठीशी, नऊच तास लागले.

आता डिसेंबरात काकू जाणार आहेत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, त्यामुळे फरक साडेपाच तासांचा. त्यांचा कागद नव्याने मांडून त्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचाय.